अंतराळात काम करायचे, तर पदवी कशाची?

ही पुस्तिका दहावी ते बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे आणि तितकीच त्यांच्या आईवडिलांसाठीही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हापासून भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या क्वार्टरांत, ठाणा गावातल्या पेट्रोल पंपाजवळच्या शिकवणी वर्गांत आणि भंडाऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजांत एक प्रश्न वरचेवर कानावर येतो : "पोराला इस्रोत जायचं आहे, कोणत्या कोर्सला टाकू?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तरही तयार असते. ज्या पदवीच्या नावात एरोस्पेस किंवा स्पेस असेल, ती. कॉलेजांच्या जाहिराती हेच उत्तर मोठ्या अक्षरांत छापतात. फी भरताना घराचे कर्ज, गावाकडची शेती, बहिणीचे लग्न, सगळे बाजूला ठेवून आईवडील त्या नावावर विश्वास टाकतात.

माझे मत वेगळे आहे आणि ते आडपडदा न ठेवता सांगतो. पदवी निवडताना तिचे नाव शेवटी बघा. आधी बघायचे ते काम. अंतराळ नावाचा एकच एक विषय कुठेही शिकवला जात नाही. रॉकेटच्या इंधनाला रसायनशास्त्र लागते, त्याच्या कवचाला धातुशास्त्र आणि वेल्डिंग, त्याला दिशेवर ठेवायला इलेक्ट्रॉनिक्स आणि गणित, उपग्रहाने पाठवलेले चित्र वाचायला भूगोल, भूशास्त्र किंवा शेतीचे ज्ञान. यांतले कोणते काम वर्षानुवर्षे करायला आपल्याला आवडेल, हे ज्याला उमगले त्याची पदवी निम्मी ठरलीच. पुढच्या प्रकरणांत एकेका कामाची ओळख करून दिली आहे. या प्रस्तावनेत मला त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला जवाहरनगरइतकी योग्य जागा विदर्भात दुसरी नाही.

येथील आयुध निर्माणी १९६०च्या दशकात उभी राहिली. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली. वसाहतीतल्या मुलांना बाबा फॅक्टरीत जातात एवढे माहीत असते. आत काय चालते हे घरी बोलायचे नसते आणि ते योग्यच आहे. पण जे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले आहे, ते मुलांपुढे मांडायला काहीच हरकत नाही. तोफेचा गोळा ज्या दारूच्या जोरावर नळीतून बाहेर पडतो तिला प्रोपेलंट म्हणतात. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या सेल्युलोजवर आम्लांची क्रिया करून मिळालेला पदार्थ. तो एकटा वापरला तर सिंगल बेस, सोबत नायट्रोग्लिसरीन असेल तर डबल बेस, आणि त्यात नायट्रोग्वानिडीनचीही भर पडली तर ट्रिपल बेस. हा लगदा सोऱ्यातून शेव पाडावी तसा साच्यातून दाबून बाहेर काढतात आणि त्याचे ठरावीक लांबीचे तुकडे करतात. या तुकड्याला त्या व्यवसायात दाणा म्हणतात.

आता हा दाणा जरा निरखून बघावा. काही दाण्यांना लांबीच्या दिशेने आरपार सात भोके असतात. ती कशासाठी? प्रोपेलंट पृष्ठभागावरून आत जळत जाते. दाणा भरीव असेल तर जळता जळता तो बारीक होतो, जळणारा पृष्ठभाग घटतो आणि वायूही कमी कमी निघतो. भोक पाडले की ते आतून जळून रुंदावते, म्हणजे तिथला पृष्ठभाग वाढतो. एक भोक असेल तर बाहेरची घट आणि आतली वाढ यांची जवळजवळ बरोबरी होते. सात भोके असली की वाढ घटीवर मात करते आणि गोळा नळीत पुढे सरकत असताना मागचा वायू वाढतच जातो. रसायन तेच, वजन तेच, पण नुसत्या आकाराने त्याची वागणूक बदलली. दहावीच्या भूमितीत दंडगोलाचा पृष्ठभाग काढता येणाऱ्या मुलाला हे गणित कागदावर करून बघता येते. मी तर म्हणेन, त्याने ते करावेच.

हाच विचार रॉकेटातही दिसतो. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरांत प्रत्येकी २०० टनांहून अधिक. येथे रसायन वेगळे. अमोनियम परक्लोरेट ऑक्सिजन पुरवते, ॲल्युमिनियमची भुकटी जळते आणि एचटीपीबी नावाचे रबरासारखे पॉलिमर या सगळ्याला धरून ठेवते. हे मिश्रण पोलादी कवचात ओतायचे, मधोमध साचा उभा ठेवायचा, ते घट्ट झाले की साचा अलगद काढून घ्यायचा. मागे आरपार पोकळी उरते, आणि तिचा आकार काही ठिकाणी चांदणीसारखा ठेवलेला असतो. कारण तेच, जळणारा पृष्ठभाग हवा तसा राहावा. या इंधनाला बारीक तडा गेला तर पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकते. म्हणून ओतकाम झाल्यावर त्याची क्ष-किरणांनी तपासणी होते. जवाहरनगरच्या दाण्यातली सात भोके आणि श्रीहरिकोट्याच्या रॉकेट मोटारीतली चांदणी हे एकाच विचाराचे दोन नमुने आहेत. ज्या घरातला माणूस सकाळी निर्माणीच्या गेटातून आत जातो, त्या घरातल्या मुलीला रॉकेट परके वाटण्याचे काही कारण नाही.

या विद्येत भारताला पायावर उभे करणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. डॉ. वसंत गोवारीकर, जन्म १९३३, पदवी केमिकल इंजिनिअरिंगची, डॉक्टरेट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते १९६७ मध्ये थुंब्याला आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारताने बनवलेले पहिले रोहिणी रॉकेट उडाले. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता. त्यानंतरच्या काळात घन इंधनाचे काम गोवारीकरांनी उभे केले, आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेव्हा ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. गोवारीकरांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेले पॉलिमर सायन्सचे पाठ्यपुस्तक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कपाटात आजही सापडते. इंधनाला धरून ठेवणारा पदार्थ पॉलिमरच असतो, हे ध्यानात घेतले की अशा माणसाने असे पुस्तक का लिहावे ते कळते. पुढे त्यांनी मान्सूनच्या अंदाजाचे प्रारूप बसवले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका रसायन अभियंत्याच्या आयुष्यात हे सगळे मावले.

त्यांच्याच पिढीतले एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. प्रमोद काळे पुण्यात जन्मलेले. दोघांचा मूळ विषय भौतिकशास्त्र. चिटणीस अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले आणि उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन पोहोचवण्याच्या १९७५-७६ च्या प्रयोगात त्यांचा मोठा वाटा होता. काळे इन्सॅट-१ चे प्रकल्प संचालक होते आणि नंतर विक्रम साराभाई केंद्राचेही संचालक झाले. कुणी म्हणेल, तेव्हा एरोस्पेसचे कोर्स आजच्यासारखे गल्लोगल्ली नव्हते, म्हणून त्यांना दुसरे काही घ्यावे लागले. ठीक आहे, मग आजचे बघू.

इस्रोच्या केंद्रीय भरतीची जाहिरात मुलांनी बारावीनंतर नव्हे, बारावीच्या आधी वाचावी. शास्त्रज्ञ-अभियंता या पदाच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे सर्वाधिक जागा तीन शाखांना असतात : मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, आर्किटेक्चर अशा जागाही अधूनमधून निघतात, कारण प्रक्षेपण तळावर इमारती, वीज आणि वातानुकूलन लागतेच. एरोस्पेस किंवा केमिकलसाठी त्या त्या केंद्राच्या वेगळ्या जाहिराती निघतात, पण जागा तुलनेने थोड्या. पात्रतेसाठी सरासरी किमान ६५ टक्के मागितले जातात. निवड लेखी परीक्षेने आणि मुलाखतीने होत आली आहे. अलीकडच्या काही जाहिरातींत गेट परीक्षेचे गुण बघितले गेले. म्हणजे नाव मोठे आणि शिकवणे कच्चे अशा कॉलेजातून ५८ टक्क्यांनी एरोस्पेस करणाऱ्या मुलापेक्षा चांगल्या सरकारी कॉलेजातून ७२ टक्क्यांनी मेकॅनिकल करणारी मुलगी इस्रोच्या दाराच्या कितीतरी जवळ उभी असते. एवढी एक गोष्ट पालकांच्या गळी उतरली तरी ही पुस्तिका कारणी लागली असे मी समजेन.

एरोस्पेस घेऊच नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. हवेचा प्रवाह, उड्डाणाचे गतिशास्त्र, कक्षांचे गणित यांचे ज्याला वेड आहे त्याने ती शाखा जरूर घ्यावी, पण जेथे ती खरोखर शिकवली जाते तेथे. मुंबईची आयआयटी हे महाराष्ट्रातले त्याचे पहिले ठिकाण. दुसरे ठिकाण तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, आयआयएसटी. ती २००७ मध्ये अंतराळ विभागानेच सुरू केली. तेथे एरोस्पेस, एव्हियॉनिक्सकडे झुकणारे इलेक्ट्रॉनिक्स आणि इंजिनिअरिंग फिजिक्सचा पाच वर्षांचा दुहेरी कोर्स आहे. प्रवेशाला जेईई ॲडव्हान्स्ड लागते. तेथून चांगल्या गुणांनी बाहेर पडणाऱ्यांना इस्रोत घेण्याची पद्धत आहे, मात्र ती उपलब्ध जागांवर अवलंबून असते, हमी म्हणून तिच्याकडे बघू नये. याखेरीज कुठल्या कॉलेजात एरोस्पेस घ्यायचे झाले तर स्वतः जाऊन तीन गोष्टी बघाव्यात : विंड टनेल चालू स्थितीत आहे का, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विषयात संशोधन केले आहे, आणि मागच्या दोन-तीन वर्षांतली मुले आज कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कॉलेजच्या माहितीपत्रकातून घेऊ नये. ते त्या मुलांनाच विचारावे.

एरोस्पेस विभाग नसलेल्या कॉलेजातूनही उपग्रह निघतो, हे पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी दाखवून दिले आहे. त्यांचा स्वयम् नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. त्या उड्डाणात एकूण २० उपग्रह होते. मुले मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर अशा नेहमीच्या शाखांची. एक तुकडी पास होऊन बाहेर पडायची, पुढची तिच्या वह्या हातात घ्यायची, असे करत वर्षे गेली. उपग्रहाला आपली दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे सांभाळता यावी, त्यासाठी वीज खर्च होऊ नये, हा त्यांचा मुख्य प्रयोग. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई आयआयटीचा प्रथम उपग्रहही गेला. अकरावी-बारावीच्या मुलांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की कॉलेज निवडताना तिथे असा एखादा विद्यार्थ्यांचा गट आहे का ते बघा. रॉकेट्री क्लब असो, रोबोटिक्स असो, हॅम रेडिओ असो. चार वर्षांत हाताने काय बनवले, हे मुलाखतीत विचारतातच.

केमिकल इंजिनिअरिंगबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण आपल्याकडे ती शाखा उगाच मागे पडली आहे. नागपूरचे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ मध्ये सुरू झाले, ते रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून. २०२३ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ते जवाहरनगरहून तासा-सव्वा तासाच्या वाटेवर आहे. इंधन, स्फोटके आणि पॉलिमर या तिन्हींचा पाया तेथे घालता येतो. पुढे पुण्यात डीआरडीओची हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे, जिचे सगळे काम प्रोपेलंट आणि स्फोटकांवरच चालते. तेथे रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी. आणि पीएच.डी. झालेल्यांनाही स्थान आहे.

आता तर नागपूरलाच रॉकेटच्या मोटारी पेटू लागल्या आहेत. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने आपल्या विक्रम-१ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याची, कलाम-१०० ची, चाचणी मे २०२२ मध्ये सोलर इंडस्ट्रीजच्या नागपूरच्या केंद्रात घेतली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला त्या कंपनीचे विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून उडाले. भारतात खासगी कंपनीने बनवलेले ते पहिले रॉकेट. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट करून देणारी इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले, आणि इस्रोबाहेरही या कामाच्या नोकऱ्या दिसू लागल्या. मुंबईची मनास्तु स्पेस उपग्रहांसाठी कमी विषारी इंधनावर काम करते. इस्रोच्या एका जाहिरातीत आपली शाखा नाही म्हणून केमिकलच्या मुलाने हिरमुसून बसण्याचे दिवस गेले.

येथे एका गोष्टीबद्दल मौन पाळले तर ती अप्रामाणिकता होईल. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. जवाहरनगर आणि आजूबाजूच्या गावांत त्या दिवसाची आठवण काढावी लागत नाही, ती असतेच. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्यातही घन इंधनाच्या कामात आग भडकून सहा जण गेले होते. ज्या पदार्थाने रॉकेट वर जाते तो पदार्थ माणसाच्या चुकीला आणि यंत्राच्या बिघाडाला क्षमा करत नाही. म्हणून डेंजर बिल्डिंगमध्ये आत जाताना काडेपेटी बाहेर राहते, ठिणगी न पडणारी हत्यारे वापरतात, अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारे जोडे घालतात, इमारतींभोवती मातीचे बांध असतात आणि एका खोलीत किती माणसे व किती माल, हे भिंतीवर लिहिलेले असते. या प्रत्येक नियमामागे कुठे ना कुठे झालेला अपघात आहे. या नियमांचा अभ्यास करणारी, माणसाला धोक्याच्या खोलीतून बाहेर काढून तेथे दूरनियंत्रणाचे यंत्र बसवणारी शाखा म्हणजे प्रोसेस सेफ्टी. केमिकल, मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन त्यात जाता येते. भंडाऱ्याच्या मुलामुलींनी तिच्याकडे वळावे असे मला मनापासून वाटते. ज्यांनी त्या दिवशी गेटाबाहेर थांबून बातमीची वाट पाहिली, त्यांच्याइतकी या विषयाची निकड दुसऱ्या कोणाला कळणार?

धातुशास्त्राची ओळख विदर्भाला वेगळ्याच रीतीने झाली. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळते लोळ जाताना विदर्भभर लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली. व्यास सुमारे तीन मीटर. परिसरात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या चांगझेंग-३बी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत पडले. वातावरणात शिरताना एवढ्या उष्णतेतही रिंग का वितळली नाही, गोळ्यांवर धाग्यांचे आवरण कशासाठी होते, हे प्रश्न ज्याला पडले आणि झोप येईना, त्याने नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जिकल अँड मटेरियल्स इंजिनिअरिंगची चौकशी करावी. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे कवच मॅरेजिंग स्टील नावाच्या खास पोलादाचे असते. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोसाठी अशी कवचे बनवली आहेत. विक्रोळीच्या गोदरेजने द्रव इंधनाची विकास इंजिने बनवली आहेत. वेल्डिंगचा एक सांधा चुकला तर मोहीम फसते, इतके ते काम नाजूक असते.

इतके रॉकेटविषयी. पण माझ्या मते भंडारा जिल्ह्यातल्या मुलांसाठी अंतराळाचे सर्वांत रुंद दार वर जाणाऱ्या वस्तूंत नसून खाली येणाऱ्या माहितीत आहे. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. रोवणी होते ती भर पावसाळ्यात, जेव्हा आठवडेच्या आठवडे ढग हटत नाहीत. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा नुसते ढग दिसतात. रडार असलेला उपग्रह मात्र ढगांतून आरपार बघतो. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली पाठवतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. रोवणीआधी पाण्याने भरलेली बांधी आरशासारखी सपाट असते, लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात आणि चित्रात ती बांधी काळी दिसते. धान वाढू लागले की त्या लहरी रोपांवर आपटून परततात आणि तीच जागा आठवड्यागणिक उजळत जाते. कोणत्या आठवड्यात काळी होती आणि किती वेगाने उजळली, यावरून धान कुठे लागले, कधी लागले याचा नकाशा बनतो. भारताने २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि २०२२ मध्ये ईओएस-०४ हे रडार उपग्रह सोडले. ३० जुलै २०२५ रोजी नासाबरोबरचा निसारही श्रीहरिकोट्याहून गेला.

हे चित्र बरोबर वाचायला काय लागते? रडारचे भौतिकशास्त्र लागते, आकडेमोडीचे प्रोग्राम लागतात, आणि बांधीत पाणी केव्हा सोडतात हे माहीत असलेला माणूस लागतो. हा तिसरा गुण दिल्ली-बंगळूरच्या मुलांना पुस्तकातून शिकावा लागतो, आपल्या मुलांच्या तो अंगात असतो. माजी मालगुजारी तलावांपैकी कोणता गाळाने उथळ झाला, कोणत्या बोडीवर अतिक्रमण झाले, वैनगंगेचे पाणी कोणत्या गावात किती आत शिरले, ही सगळी उपग्रहाच्या चित्रांवरची कामे आहेत. आणि ती करणाऱ्या दोन संस्था नागपुरातच आहेत : १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे प्रादेशिक केंद्र. भूगोल, भूशास्त्र, कृषी, पर्यावरण, सिव्हिल, कॉम्प्युटर यांपैकी कोणतीही पदवी आणि नंतर जिओइन्फर्मेटिक्सचे पदव्युत्तर शिक्षण, असा हा रस्ता. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था त्यासाठी नावाजलेली आहे आणि तिचे ऑनलाइन कोर्स घरबसल्या करता येतात. बी.एस्सी. ॲग्री करणाऱ्या मुलाला आपण अंतराळ क्षेत्रात जाऊ शकतो हे कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून येथे ठळकपणे सांगतो.

खगोलशास्त्राची ओढ असणाऱ्यांची वाट निराळी आणि लांब पल्ल्याची. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. भौतिकशास्त्रात, मग पीएच.डी. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, अहमदाबादची पीआरएल ही त्यांची ठिकाणे. हे लोकही उपकरणे बनवतात. आदित्य-एल१ यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने तयार झाली. अंतराळवीर व्हायचे असेल तर सध्या भारतात वाट हवाई दलातून जाते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आलेले शुभांशु शुक्ला खडकवासल्याच्या एनडीएतून पुढे गेले.

परदेशी जाण्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण कर्ज काढून मुलाला अमेरिकेत एरोस्पेसच्या एम.एस.ला पाठवणारी घरे नागपूर-भंडाऱ्यातही आहेत. अमेरिकेच्या कायद्यात रॉकेटचे तंत्रज्ञान शस्त्रांच्या तंत्रज्ञानाबरोबर मोजले जाते. त्या नियमांमुळे तिथल्या रॉकेट कंपन्यांतल्या बहुतेक नोकऱ्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात. युरोपीय अंतराळ संस्थेतल्या नोकऱ्याही मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात. मुलगा हुशार, विद्यापीठ नामांकित, तरी दार बंद, असे होऊ शकते. ग्रहविज्ञान, खगोलशास्त्र, हवामान आणि पृथ्वी निरीक्षणाचे संशोधन यांत हा अडसर पुष्कळ कमी असतो. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हे माहीत असावे.

शेवटचे प्रकरण आयटीआय आणि डिप्लोमावर आहे. ते शेवटी आले असले तरी ज्यांच्या घरी चार वर्षांच्या कॉलेजचा खर्च झेपत नाही त्यांनी ते सर्वांत आधी वाचावे. निर्माणीत अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, म्हणजे एओसीपी या ट्रेडची अप्रेंटिसशिप करून डेंजर बिल्डिंग वर्कर म्हणून लागलेली माणसे या वसाहतीत आणि आजूबाजूच्या गावांत आहेत. हाच ट्रेड श्रीहरिकोट्याच्या टेक्निशियन भरतीतही असतो, कारण तिथेही इंधन कालवायचे, ओतायचे आणि जपायचे काम तेच आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांना इस्रोच्या अनेक केंद्रांत टेक्निशियन म्हणून घेतात आणि डिप्लोमा झालेल्यांना टेक्निकल असिस्टंट म्हणून. शिवाय महाराष्ट्रात डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलीने तीन वर्षे वर्कशॉपमध्ये हात चालवलेला असतो, आणि दुसऱ्या वर्षात ती बारावीहून आलेल्या मुलांच्या शेजारी बसते. प्रवेशाच्या तारखा, लागणारे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जात वैधता प्रमाणपत्र केव्हा काढून ठेवावे याची माहिती त्या प्रकरणात क्रमाने दिली आहे. दहावीचा निकाल लागण्याची वाट न बघता त्यातली पहिली दोन पाने आजच वाचावीत, कारण दाखल्यांना वेळ लागतो.